रोझाच्या स्वयंपाकघरातला दुभाष्या

टोनी कुठलीही यादी शेवटून वाचायचा.

जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या आमच्या मोटारींच्या कारखान्यात ब्रेकच्या घाटातल्या चाचण्यांचं नियोजन माझ्याकडे आलं, तेव्हा पहिल्या दौऱ्याआधी मी त्याच्या हातात चौदा मुद्द्यांचा कागद ठेवला. किती वाजता निघायचं, टाकी कुठे भरायची, कोणत्या घाटात किती फेऱ्या, कोणत्या गाडीत कोणतं यंत्र. पुण्यात असल्यापासून हेच करत आल्यामुळे मला अशा कागदांचा थोडा अभिमान आहे. टोनीने चष्मा कपाळावर चढवला, कागदाच्या तळाशी जाडजूड बोट ठेवलं आणि चौदाव्या मुद्द्यापासून एकेक करत वर आला.

"असं उलटं का वाचतोस?"

"आधी परत कसं यायचं ते बघतो, शेफिन. जायला काय, कोणीही जातो."

शेफिन म्हणजे बॉसबाई. मी त्याची बॉस नव्हते. चाचणीचे चालक वेगळ्या विभागात, आणि वयानेही तो माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठा. पण ज्या बाईच्या हातात कागद ती शेफिन, असं त्याचं साधं गणित होतं. आम्ही बोलायचो जर्मनमध्ये, आणि कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे एकमेकांना अरे-तुरे. मराठीत मला त्याला 'अहो टोनीकाका' म्हणावं लागलं असतं. माझा नवरा म्हणायचाही.

बुटका, रुंद खांद्यांचा, नाकावर जुनी मोडल्याची खूण. त्या नाकाची विभागात ख्याती होती. ब्रेक तापत गेले की त्यांचा वास बदलत जातो. मांडीवर लॅपटॉप घेऊन मी तापमानाचे आकडे बघत असायची, आणि टोनी खिडकी चार बोटं खाली करून हुंगायचा. "तीनशे ऐंशी," म्हणायचा. लॅपटॉपवर तीनशे चौऱ्याहत्तर. उरलेले सहा पुढच्या वळणावर यायचे.

वर्षातून चार-पाच वेळा आम्ही आल्प्समध्ये जायचो. म्युनिक, इन्सब्रुक, मग ब्रेनरची खिंड. ती ओलांडली की ऑस्ट्रिया संपतो आणि इटली सुरू होतो, पण पेट्रोल पंपावरची माणसं जर्मनच बोलत राहतात. मी पहिल्यांदा गोंधळले, तेव्हा टोनीने डॅशबोर्डवर बोटानेच नकाशा काढला होता. हा दक्षिण टिरोल. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेलेला. बोझेन हे मोठं शहर, त्यालाच इटालियन लोक बोल्झानो म्हणतात, आणि तिथे इटालियनच जास्त. बाहेरच्या खोऱ्यांमध्ये जर्मन. आणि इथे मधोमध, असं म्हणून त्याने मूठ ठेवली, हा सेला नावाचा अजस्र डोंगर. त्याच्याभोवती पंजाची बोटं पसरावीत तशी काही खोरी. त्या बोटांमध्ये तिसरी भाषा, लादिन. जर्मन नव्हे, इटालियनही नव्हे. लॅटिनमधून निघालेली, डोंगरात अडकून राहिलेली, आणि प्रत्येक खोऱ्यात थोडी वेगळी.

"तू कुठल्या बोटातला?"

"ह्या," असं म्हणून त्याने मूठ उचलली आणि गियर बदलला.

त्याच्या तीन भाषांची कामं ठरलेली होती. ब्रेक, पगार आणि वरिष्ठांना शिव्या जर्मनमध्ये. कॉफी आणि पोलीस इटालियनमध्ये. घाटातली वळणं मात्र तो पुटपुटत मोजायचा. उन, दुइ, त्रेइ. ते लादिन. कोणाला उद्देशून नसायचं ते.

तिथल्या रस्त्यांवर गावांची आणि घाटांची नावं दोन-दोन, तीन-तीन भाषांत लिहिलेली असतात. पाटी आली की टोनी तिन्ही नावं म्हणायचा, तीन वेगळ्या आवाजांत. "ब्रुनेक. ब्रुनिको. बोर्नेक." "ग्रोडनर योख. पासो गार्देना. जू दे फ्रारा." पहिलं नाव हुकूम दिल्यासारखं, दुसरं गाणं म्हटल्यासारखं, तिसरं इतकं हळू की इंजिनाच्या आवाजात बुडून जावं. मी अर्थातच तक्ता केला. तीन रकाने, एका दौऱ्यात एकवीस गावं. हॉटेलवर तपासताना दिसलं की एका गावापुढे दोनच रकाने भरलेत. मला वाटलं, माझं लक्ष चुकलं असेल. दुसऱ्या दिवशी त्याच गावावरून जाताना कान देऊन ऐकलं. जर्मन नाव, इटालियन नाव, आणि मग शांतता. पाटीवर तिसरं नाव स्पष्ट होतं.

"टोनी, इथे एक नाव राहिलं."

"राहू दे."

"तक्त्यात एकच घर रिकामं दिसतं."

"शेफिन, तुझ्या तक्त्यात एखादं घर रिकामं राहिलं तर गाडी थांबणार नाही."

मी ते घर रिकामं ठेवलं. मला असलं काही सहसा जमत नाही.

एरवी तो गप्पिष्ट होता. दुपारी घाटमाथ्यावर गाडी थंड होईस्तोवर आम्ही डबे सोडायचो. त्याच्याकडे तिकडच्या राय धान्याच्या पावाची कडकडीत चकती, वाळवलेल्या भाकरीसारखी. तो ती बॉनेटवर आपटून तोडायचा. मी एकदा त्यावर शेंगदाण्याची चटणी घालून दिली. त्याने चावलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "गेनाऊ, अगदी. हेच कमी होतं. माझ्या खोऱ्याला पाचशे वर्षांत सुचलं नाही." त्यानंतर चटणी माझ्या यादीत कायमची आली. गाडीची कागदपत्रं, प्रथमोपचार, चटणी.

त्या वर्षी दिवाळीत माझ्या सासूबाई भारतातून आल्या होत्या. टोनी एकटा राहतो म्हणून त्याला फराळाला बोलावलं. सासूबाईंना जर्मनचं एक अक्षर येत नाही आणि टोनीला मराठी नाही, तरी दोघांचं उत्तम चाललं होतं. त्या चकली पुढे करायच्या, तो छातीवर हात ठेवायचा. माझा मुलगा, तेरा वर्षांचा, खोलीतून बाहेरच येईना.

"अरे, आजी हाक मारतेय ना? पाहुण्यांना लाडू दे," सासूबाई म्हणाल्या.

"या, ग्लाईश!" आतून उत्तर आलं. म्हणजे, हो, येतो.

"बघा, हे असं," सासूबाई मला म्हणाल्या. "आपण मराठीत विचारायचं आणि ह्याने भिंतीवर चेंडू मारल्यासारखं जर्मन परत फेकायचं."

टोनीने मला विचारलं, "त्याला तुमची भाषा कळत नाही?"

"सगळी कळते. उत्तर देत नाही. आळशी आहे."

"आल्झो, म्हणजे आळस असेल तर बरंच आहे," तो म्हणाला, आणि उठून बाल्कनीत गेला. बाहेर थंडी होती आणि तो सिगारेट ओढत नाही. पाच मिनिटांनी मी त्याचा कोट घेऊन गेले. तेव्हा त्याने सांगितलं. माझ्याकडे न बघता, समोरच्या इमारतीच्या खिडक्यांकडे बघत.

त्याच्या प्रदेशात सरकारी नोकऱ्या भाषेच्या प्रमाणात वाटल्या जातात. जर्मन इतक्या, इटालियन इतक्या, लादिन इतक्या. म्हणून प्रत्येकाला आपण कोणत्या भाषेचे ते लिहून द्यावं लागतं. टोनी एकवीस वर्षांचा होता तेव्हा रस्ते खात्यात बर्फ काढणाऱ्या गाडीच्या चालकाची जागा निघाली. जागा जर्मनांच्या वाट्याची होती. घरात लादिन, शेजारीपाजारी लादिन, आजोबा-पणजोबा लादिन. पण फॉर्मवर तीन चौकोन होते आणि गाडी नवी कोरी होती.

"मला वाटलं, चौकोन म्हणजे चौकोन," टोनी म्हणाला. "फॉर्म बंद लिफाफ्यात होता. पण मी त्या गाडीवर बसलो आणि गावाला कळलं की लिफाफ्यात काय आहे."

वडिलांनी आरडाओरडा केला नाही. त्या संध्याकाळी जेवायला बसताना ते त्याला म्हणाले, "बसा. मीठ घ्या." जर्मनमध्ये. आणि 'तुम्ही' म्हणून.

वडिलांना जर्मन फारशी येत नव्हती. जी येत होती ती गुरांच्या बाजारात शिकलेली. तेवढ्याच जर्मनमध्ये ते मुलाशी बोलत राहिले. मृत्यूपर्यंत. जो मुलगा लिहून देतो की मी जर्मन आहे, त्याच्याशी जर्मनमध्ये बोलायचं, पाहुण्याला द्यावा तसा मान द्यायचा, आणि एकही आपला शब्द द्यायचा नाही. आई आधीच गेलेली. धाकटी बहीण रोझा, सतरा वर्षांची, तीही वडिलांप्रमाणे वागू लागली. टोनी दोन हिवाळे भल्या सकाळी स्वतःच्या घरासमोरचा रस्ता साफ करायचा. वडील त्या रस्त्यावर पाय ठेवायचे नाहीत. शेजारच्या बर्फातून फावड्याने स्वतःची पायवाट काढून चर्चला जायचे.

तिसऱ्या हिवाळ्याआधी टोनी जर्मनीत आला.

"आणि रोझा?"

"दर रविवारी फोन करतो. ती म्हणते, 'नमस्कार, तुम्ही कसे आहात.' मी म्हणतो, 'ठीक आहे, तुम्ही कशा आहात.' गवत किती झालं, बर्फ किती पडला. चाळीस वर्षं. मांजरीशी आमच्या भाषेत बोलते, ते मला फोनवर ऐकू येतं." त्याने कोट चढवला. "मला अजून काही नको, शेफिन. तिने एकदा तिकडून मांजरीशी बोलते तसं बोलावं."

पुढच्या वसंतात रोझाचा आजार कळला. पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावही काढलं नव्हतं. ही गोष्ट टोनीने मला कॉफीच्या यंत्राजवळ, कागदी कप हातात धरून सांगितली, आणि लगेच टायरांबद्दल बोलू लागला.

अशा वेळी काय बोलावं ते मला कळत नाही. काय करावं ते कळतं. मेच्या दौऱ्याच्या यादीत मी नववा मुद्दा घातला: मंगळवार, दुपारी अडीच ते सव्वातीन, रोझाकडे कॉफी. टोनीने यादी नेहमीप्रमाणे खालून वाचायला घेतली. नऊवर बोट थांबलं.

"हे काढ."

"तिसऱ्या फेरीनंतर गाडी थंड व्हायला पंचेचाळीस मिनिटं लागतातच. कुठेतरी उभी करायचीच आहे."

त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "तू आत यायचंस. मी एकटा जाणार नाही."

माझ्या तक्त्यात ज्याचं तिसरं नाव राहिलं होतं, त्याच गावाच्या वरच्या अंगाला घर होतं. खाली दगडी, वर लाकडी, उतारावर एकटं. रोझा दारात उभी होती. टोनीचंच नाक, पण न मोडलेलं. ॲप्रनच्या आत शरीर उरलं नव्हतं. तिने भावाचा हात हातात घेतला आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, "नमस्कार. या. तुम्हाला प्रवास सुखाचा झाला ना?"

"हो. आभारी आहे," टोनी म्हणाला.

मी खाली मांजरीकडे बघत राहिले.

आत चूल पेटलेली होती. तीन कप मांडले होते. टोनी भिंतीलगतच्या बाकावर दाराजवळच्या टोकाला बसला. पाहुणे बसतात तिथे. रोझाने कॉफी ओतली, माझ्यासमोर खुर्ची ओढली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि बोलू लागली. लादिनमध्ये.

मला वाटलं, आजारपणात विसरली. मी जर्मनमध्ये म्हणाले, "माफ करा, मला ही भाषा येत नाही." तिने मान हलवली, म्हणजे ते तिला ठाऊक होतं, आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग बोट टोनीकडे केलं. त्याच्याकडे न बघता.

टोनीने कप खाली ठेवला. "ती म्हणते," तो म्हणाला, "मी घरी आलेल्या पाहुणीशी बोलते आहे. पाहुणीला कळत नसेल तर बरोबरच्या माणसाने सांगावं."

आणि मग सुरू झालं. ती एक वाक्य बोलायची, कप बशीत ठेवायची आणि थांबायची. टोनी ते जर्मनमध्ये मला सांगायचा. पुन्हा ती.

"ती म्हणते, वडिलांनी जाण्याआधी माझ्याकडून वचन घेतलं. तुझ्या भावाशी... ह्या घराच्या छपराखाली आपल्या भाषेत बोलायचं नाही."

कप. बशी.

"ती म्हणते, मी दिलं. दिलेलं पाळलं. चुलीजवळ उभी राहून पाळलं, फोनवर पाळलं. पण पाहुण्यांबद्दल ते काही बोलले नव्हते. इतकी वर्षं मी वाट बघितली की हा बरोबर कोणाला तरी घेऊन येईल. हा एकटाही आला नाही."

मी टोनीकडे बघितलं. तो चुलीकडे बघत होता.

"ती म्हणते, शेवटचे तीन दिवस वडिलांना काही आठवत नव्हतं. मला ओळखत नव्हते. ते सारखे म्हणत होते..." इथे टोनी थांबला. रोझाने वाट पाहिली. घाई केली नाही, मदतही केली नाही. "ते म्हणत होते, टोने, गोठ्याचं दार लाव. टोने, वारा आत येतोय. टोने, कुठे आहेस." तो पुढे म्हणाला. "आमच्या भाषेत म्हणत होते. ती म्हणते, ते विसरले होते की बोलायचं नाही."

टोने हे त्याचं घरचं नाव. मी ते पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही त्याच्याच तोंडून, दुसऱ्याचं वाक्य म्हणून.

रोझा मग आणखी बोलली. गोठ्याचं दार तिने तीन दिवस दर तासाला जाऊन लावलं, लावलेलं असतानाही. फोन केला नाही, कारण फोनवर ते त्याला जर्मनमध्ये सांगावं लागलं असतं, आणि ते जर्मनमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. टोनीने हेही वाक्य जर्मनमध्ये सांगितलं. सांगताना अडखळला नाही. मी अडखळले असते.

मग ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. आता माझी पाळी होती.

"काय बोलू?" मी टोनीला विचारलं.

"तुझ्या भाषेत बोल. ती तिच्या भाषेत बोलली."

मी मराठीत म्हणाले, "रोझाताई, तुमचा भाऊ कुठलीही यादी शेवटून वाचतो. परत कसं यायचं ते आधी बघतो. पण परतीचा एकच रस्ता त्याला कुठल्या यादीत सापडला नाही. तो वाईट माणूस नाही हो. घाबरट आहे."

टोनीला अर्थातच एक शब्द कळला नाही. रोझाने मात्र सगळं ऐकून घेतलं, माझ्या हातावर दोनदा थोपटलं, आणि एकच लहानसं वाक्य म्हणाली.

"काय म्हणाली?"

"हे तुझ्यासाठी नव्हतं," टोनी म्हणाला, आणि बाहेर गाडीपाशी गेला.

दारात रोझाने त्याला निरोप दिला तो पुन्हा जर्मनमध्ये. "सुखरूप जा. तुमचे आभार." त्या दुपारच्या चौथ्या फेरीत टोनीने वळणं मोजली नाहीत.

जूनमध्ये तो दोनदा गेला, दोन्ही वेळा कोणाला तरी सोबत घेऊन. एकदा म्युनिकचा एक ओळखीचा, एकदा कारखान्यातली कँटीनवाली. मला वेळ जमला नाही. दौरे होते, मुलाची परीक्षा होती. ऑगस्टच्या शेवटी रोझा गेली. त्या दिवशी तो एकटाच निघाला होता. सोबत यायला कोणी मिळालं नव्हतं. घरी पोहोचला तेव्हा ती जागी होती, बोलत होती, मावळतीपर्यंत बोलत होती. जर्मनमध्ये. हे त्याने मला फोनवर सांगितलं, एवढंच, आणि फोन ठेवला. त्या दिवशीच्या माझ्या चाचणीची तारीख हलवून मी त्याच्याबरोबर जाऊ शकले असते. ती हलवता येण्यासारखी होती. हे मी कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही, पण ते खोडताही येत नाही.

टोनी त्या वर्षाअखेर निवृत्त झाला आणि रोझाच्या त्या घरी राहायला गेला.

पुढच्या सप्टेंबरात मी दौऱ्यावरून परतताना वाट वाकडी करून त्याच्याकडे गेले. एकटीच. चटणीचा डबा नेला होता. त्याने छप्पर दुरुस्त केलं होतं, लाकडं रचली होती, गवत कापलं होतं. बोलला नेहमीसारखा, जर्मनमध्ये. गाव कसं आहे, असं विचारलं तर म्हणाला, "फार सभ्य आहे. दुकानातली बाई गिऱ्हाइकांशी लादिनमध्ये बोलत असते, मी आत शिरलो की जर्मन सुरू करते. राग नाही तिला. सवय आहे. मी लादिनमध्ये काही मागितलं तर हसून जर्मनमध्ये देते."

"मग बोलतोस कोणाशी?"

त्याने मला आणखी कॉफी हवी का ते विचारलं.

चार वाजता मी उठले. तो गाडीपर्यंत आला. मी दार उघडून उभी राहिले, हात पुढे केला. त्याने तो घेतला, आणि लादिनमध्ये बोलू लागला. त्या भाषेत त्याने माझ्याशी कधी एक शब्द उच्चारला नव्हता. सावकाश, लांबलचक, एकेक वाक्य. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे, घराकडे, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होता.

एक वाक्य झालं की तो थांबायचा. आठ-दहा सेकंद. मग दुसरं वाक्य, मग पुन्हा थांबायचा. मला आधी वाटलं, शब्द आठवत असेल. मग रोझाचा बशीत ठेवलेला कप आठवला आणि लक्षात आलं. एखादं वाक्य दुसऱ्या भाषेत सांगून व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ तो थांबत होता.

मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते. त्या दिवशी मी मागे वळून खिडकीकडे पाहिलं नाही.

शेवटच्या वाक्यानंतर तो जरा जास्त वेळ थांबला. मग 'बरं' म्हणावं तशी मान हलवली, माझा हात सोडला, आणि मी आत बसल्यावर गाडीचं दार लावलं.